शाळेत कण कसे मोजावेत: स्रोत न आणता, खताच्या पिशवीपासून म्युऑनपर्यंत

नमस्कार सर. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. तालुक्याच्या ठिकाणची माध्यमिक शाळा, नववी-दहावीचा साठ मुलांचा वर्ग, हाताशी पाच-सहा हजार रुपये. आठवीच्या ‘अणूचे अंतरंग’ या पाठात जे वाचले ते मुलांना प्रत्यक्ष दाखवायचे आहे. तुम्ही विचारले आहे की गायगर काउंटर (किरणोत्सर्गाचा कण आत आला की टिक वाजवणारे यंत्र) घ्यावा की क्लाउड चेंबर (कणांचे माग धुक्याच्या रेषांत दाखवणारी पेटी) बनवावे, किरणोत्सर्गी स्रोत कुठून आणावा, त्याला परवानगी लागते का, आणि पालक घाबरले तर काय सांगावे.

स्रोताचे उत्तर आधी देतो: आणू नका. मुंबईच्या अणुऊर्जा नियामक परिषदेची संमती, साठवणुकीची जबाबदारी, वर्षानुवर्षे डेड स्टॉक रजिस्टरमधली नोंद, हे सगळे शाळेला पेलणारे नाही. त्याची गरजही नाही. नववी-दहावीला शिकवण्याजोगे जे काही आहे ते विश्वकिरण (अवकाशातून येणारे कण), खोलीतली हवा आणि कृषी सेवा केंद्रातले खत यांतून निघते.

उपकरण कोणते घ्यावे हा प्रश्न त्यामानाने दुय्यम आहे. खरी अडचण अशी की समोर काहीही ठेवलेले नसताना काउंटर टिकटिकतच असतो, आणि ती टिकटिक कधीच एकसारखी नसते. हे मुलांनी आधी स्वतः मोजले नाही, तर पुढचा प्रत्येक प्रयोग फसवा ठरतो. काउंटरजवळ केळे धरले, आकडा १८ वरून २५ वर गेला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या मिनिटाला केळे तिथेच असून आकडा १६ आला की शिक्षकांकडे उत्तर नसते. केळ्यात साधारण अर्धा ग्रॅम पोटॅशियम असते. त्यातून सेकंदाला पंधरा-एक विघटने होतात आणि त्यांतली बहुतेक गरातच अडतात. साध्या नळीला ती ओळखू येत नाहीत. म्हणून माझ्या दृष्टीने मोजणी हाच मुख्य प्रयोग आहे, आणि पैसे व वेळ त्यावर आधी घालवावा.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील. ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) दोन-तीन तासांच्या अंतरावर मिळत असेल तर क्लाउड चेंबर करा, नाहीतर तो सध्या बाजूला ठेवा. शाळेत सोल्डरिंग येणारे कोणी आहे का, हवा कोरडी आहे की पावसाळी, तळमजल्यावर बंद राहणारी एखादी खोली आहे का, यावर बाकीचे अवलंबून आहे. गायगर काउंटर मात्र कुठेही चालतो. तुमच्या रकमेत मी आधी तो घेईन.

सुटे मिळणारे गायगर किट म्हणजे साधारण ४०० व्होल्ट तयार करणारा एक छोटा बोर्ड आणि त्यावरच्या क्लिपांत बसणारी नळी. नळी बहुधा जे३०५ किंवा एम४०११ ही काचेची असते. कधी एसबीएम-२० ही रशियन धातूची नळी मिळते. मिळत असेल तर धातूची घ्या. तिची पातळ पोलादी भिंत बीटा कणांना (अणुकेंद्रकातून सुटणाऱ्या वेगवान इलेक्ट्रॉनांना) आत येऊ देते आणि तिला उजेडाचा त्रास नसतो. काचेच्या नळ्या उजेडाला फसतात. खिडकीजवळ नेल्या की मोजणी उगाच वाढते आणि वर्गात ‘उन्हात किरणोत्सर्ग असतो’ असा भलताच निष्कर्ष निघतो. काचेची नळी असेल तर तिच्यावर काळ्या कागदाची सैल पुंगळी घाला. अल्फा कण (हेलियमची जड केंद्रके) या कुठल्याच नळीत शिरत नाहीत; त्यांना अभ्रकाच्या खिडकीची महाग नळी लागते, तिच्या मागे सध्या लागू नका.

बोर्डाच्या बाबतीत तीन चुका नेहमी होतात. पहिली नळी उलटी बसवण्याची. ‘+’ खूण पाहूनच बसवा. उलटी नळी वेड्यासारखी मोजते आणि खराब होते. दुसरी चूक महागात पडते: ४०० व्होल्ट साध्या मल्टिमीटरने तपासणे. मल्टिमीटरचा अंतर्गत रोध साधारण १० मेगाओहम असतो आणि या सर्किटची ताकद इतकी कमी असते की मीटर टेकवताच व्होल्टेज खाली बसतो. मीटर कमी दाखवतो म्हणून माणूस प्रीसेट (व्होल्टेज बदलणारा बोर्डवरचा छोटा स्क्रू) फिरवून आकडा ४०० वर आणतो. मीटर काढला की नळीवर त्याहून कितीतरी जास्त व्होल्टेज पडतो आणि ती कायमची बिघडते. प्रीसेटला हात न लावणे उत्तम. तिसरी चूक आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा, मोजणी आपोआप नोंदवणारा छोटा बोर्ड) जोडताना होते. या किटांतल्या एका प्रचलित बोर्डावर तीन पिनांपैकी एकीवर ‘व्हीआयएन’ छापलेले असते. नावावरून ती वीज आत घेणारी पिन वाटते, पण मोजणीचा स्पंद तिथूनच बाहेर येतो. ती आर्डुइनो उनोच्या २ क्रमांकाच्या पिनेला जोडा आणि स्पंदाची खाली येणारी कड मोजा. आर्डुइनो नसेल तर बोर्डवरचा बझर आणि मुलांचे कान पुरतात.

स्क्रीनवर मायक्रोसिव्हर्टचा (शरीराला मिळणाऱ्या किरणोत्सर्गाच्या मात्रेचा) आकडा येत असेल तर तो झाकून टाका. ते रूपांतर ठरावीक ऊर्जेच्या गॅमा किरणांसाठी धरलेले असते. खतातून येणाऱ्या बीटा कणांना ते लावले तर येणारा आकडा निरर्थक असतो, आणि पालकांच्या भीतीला नेमका तोच आकडा खाद्य देतो. वहीत फक्त ‘अमुक मिनिटांत अमुक मोजणी’ लिहायची.

पहिला तास असा घ्या. काउंटर टेबलाच्या मधोमध ठेवा, पंखा आणि ट्यूबलाइट एकदा बंद-चालू करून मोजणीत उडी येत नाही ना पाहा, मोबाइल लांब ठेवा. प्रत्येक मुलाने अर्धा मिनिट टिकटिक मोजून आकडा फळ्यावर लिहायचा. साठ मुलांचे एका तासिकेत होते. अशा छोट्या नळीची पार्श्वभूमी, म्हणजे समोर काही नसतानाची मोजणी, मिनिटाला २० च्या आसपास असते, म्हणजे अर्ध्या मिनिटाला सरासरी १०. फळ्यावर मात्र ५, १४, ९, १०, १६ असे काहीही दिसेल. कोणाचे चुकले, असे मुले विचारतील. कोणाचेच नाही. या आकड्यांचा स्तंभालेख काढा. सरासरी १० असेल तर पसारा १० च्या वर्गमुळाइतका, म्हणजे सुमारे ३ असतो. साधारण दोन तृतीयांश मुलांचे आकडे ७ ते १३ मध्ये पडतात. अणुकेंद्रकाचे विघटन यदृच्छेने होते हे वाक्य पाठ करून घेण्यापेक्षा हा आलेख मुलांच्या वहीत असणे मला जास्त मोलाचे वाटते.

त्याच तासात नियम सांगून टाका: मोजणी जितकी आली, तिच्या वर्गमुळाइतकी अनिश्चितता. एका मिनिटात २० आले तर २० ± ४.५. दहा मिनिटांत २०० आले तर २०० ± १४. समजा, जवळ काहीतरी ठेवल्यावर मिनिटाला २९ येतात. एका मिनिटाच्या मोजणीत फरक ९ आणि त्याची अनिश्चितता ७. काहीच ठामपणे सांगता येत नाही. दहा मिनिटांत फरक ९० आणि अनिश्चितता २२. आता बोलता येते. मुलांना हे गणित जमते. इथून पुढे ‘सर, किती वेळ मोजू?’ हा प्रश्न तीच सोडवतात.

आता खत. निसर्गातल्या पोटॅशियमच्या दहा हजार अणूंमागे एकाच्या आसपास अणू पोटॅशियम-४० चा असतो. त्याचा अर्धायुकाल, म्हणजे निम्मे अणू विघटित व्हायला लागणारा काळ, १२५ कोटी वर्षे. एक ग्रॅम पोटॅशियममध्ये सेकंदाला सुमारे ३१ विघटने होतात आणि त्यांतल्या दहांपैकी जवळपास नवांत बीटा कण बाहेर पडतो. म्युरेट ऑफ पोटॅश, ज्याला शेतकरी नुसते ‘पोटॅश’ म्हणतात, ते म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. पोत्यावरचा ०:०:६० मधला ६० हा आकडा पोटॅशियम ऑक्साइडच्या हिशेबात असतो. प्रत्यक्ष पोटॅशियम निम्मे. एका किलोत अर्धा किलो पोटॅशियम, म्हणजे सेकंदाला सुमारे साडेपंधरा हजार विघटने.

कृषी सेवा केंद्रातून किंवा शेतकरी पालकांकडून चार खते अर्धा-अर्धा किलो घ्या: युरिया, १९:१९:१९, सल्फेट ऑफ पोटॅश म्हणजे ०:०:५०, आणि म्युरेट ०:०:६०. द्राक्ष-डाळिंबाच्या भागात १३:०:४५ सहज मिळते, तेही चालेल. चारही एकाच मापाच्या पातळ पॉलिथिन पिशव्यांत भरून सपाट करा, जाडी एक-दीड सेंटीमीटर. याहून जाड थराचा उपयोग नाही, कारण या बीटा कणांची धाव खतात तीन-एक मिलिमीटरच असते; खालच्या थरातले कण वर येतच नाहीत. पिशवी जाड घेतली तर तीही कण अडवते. नळी पिशवीवर जवळजवळ टेकलेली असू द्या आणि अंतर प्रत्येक वेळी तेच राहील यासाठी पुठ्ठ्याचा साचा करा. इथे ढिलाई झाली तर आलेख कधीच सरळ येत नाही. दोन मिलिमीटरचा फरकही मोजणीत दिसतो.

प्रत्येक पिशवी अर्धा तास मोजा, रिकामी जागा अर्धा तास मोजा, आणि युरिया जरूर मोजा. युरियात पोटॅशियम नाही, त्यामुळे तो पार्श्वभूमीइतकाच यायला हवा. नाही आला तर मांडणीत काहीतरी चुकते आहे. मग आडव्या अक्षावर पोत्यावरचा तिसरा आकडा आणि उभ्या अक्षावर पार्श्वभूमी वजा केलेली मोजणी घ्या. बिंदू मूळबिंदूतून जाणाऱ्या सरळ रेषेच्या आसपास पडतात. ज्या मुलांच्या घरी ही पोती येतात, त्यांना पोत्यावरचा आकडा आपल्याला मोजता आला याचा आनंद वेगळाच असतो, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो.

किती वेळ लागेल ते नळीवर ठरेल. समजा, म्युरेटमुळे मिनिटाला १५ ची भर पडते. अर्ध्या तासात भर ४५०, अनिश्चितता सुमारे ४०. १९:१९:१९ मुळे १४० च्या आसपास भर पडेल आणि तीही ठळक दिसेल. पण ५० आणि ६० वेगळे करायला अर्धा तास पुरत नाही. फरक ७५ आणि अनिश्चितता ४५ असते. तीन तास मोजले तर तो फरक निर्विवाद होतो. हे काम शाळा सुटल्यावर आर्डुइनोवर सोडून द्या. काचेच्या जाड भिंतीमुळे भर बरीच कमी येऊ शकते. मग सगळे वेळ दुप्पट-तिप्पट करावे लागतील, पण पद्धत बदलत नाही.

एक सावधगिरी. सुपर फॉस्फेट किंवा डीएपी या मालिकेत घेऊ नका. खनिज फॉस्फेटात थोडे युरेनियम आणि त्याच्या विघटनातून बनलेले किरणोत्सर्गी अणू असतात, त्यामुळे पोटॅशियम नसतानाही मोजणी वाढू शकते आणि आलेखाचा अर्थ लावताना मुले गोंधळतात. वर्षाच्या शेवटी, हुशार गटाला कोडे म्हणून द्यायला ते छान आहे.

याच जोडीला दगड मोजा. आपल्याकडचा काळा बेसाल्ट पोटॅशियम, युरेनियम, थोरियम तिन्हींत गरीब आहे. दक्षिणेतून येणारा गुलाबी किंवा करडा ग्रॅनाइट त्यामानाने श्रीमंत. स्वयंपाकघराच्या ओट्याच्या कामातून उरलेला तुकडा फरशीवाल्याकडे मिळतो. ‘ब्लॅक ग्रॅनाइट’ नावाने विकला जाणारा दगड मात्र बहुधा ग्रॅनाइट नसतोच, त्यात फारसे काही दिसणार नाही.

पोटॅशियमची एक उणीव आहे: त्याचा क्षय होताना दिसत नाही. अर्धायुकालाचा आलेख हवा असेल तर हवेतला रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू वापरा. जमिनीतून येणाऱ्या रेडॉनच्या विघटनातून तयार होणारे शिसे आणि बिस्मथचे किरणोत्सर्गी अणू विद्युतभारित वस्तूला चिकटतात. तळमजल्यावरची बंद खोली, जिथे खिडक्या आदल्या दिवसापासून लावलेल्या आहेत, अशी निवडा. फुगा फुगवून लोकरीने चांगला घासा, दोऱ्याने टांगा, पाऊण तास ठेवा. मग हवा सोडून फुगा नळीभोवती गुंडाळा आणि दर पाच मिनिटांची मोजणी दोन तास घ्या. मोजणी आधी पार्श्वभूमीच्या बरीच वर असते आणि अर्ध्या-पाऊण तासात निम्मी होत जाते. शिसे-२१४ चा अर्धायुकाल सुमारे २७ मिनिटे आणि बिस्मथ-२१४ चा सुमारे २० मिनिटे. एकापाठोपाठ एक अशी दोन विघटने मिळून हा वेग येतो, म्हणून एकच नेमका आकडा मागू नका. पावसाळ्यात हा प्रयोग हमखास फसतो, कारण दमट हवेत फुग्यावर भार टिकत नाही. तेव्हा व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाला टिश्यू पेपर रबराने बांधून वीस मिनिटे हवा ओढा. कागदावर तेच अणू जमतात. हवेशीर वरच्या मजल्यावर दोन्ही उपायांनी फार थोडे मिळते.

इथवर एकच नळी, चार पिशव्या आणि एक फुगा. मुलांना पार्श्वभूमी, यदृच्छा, अनिश्चितता आणि क्षय हे चारही हाती लागले आहेत. आता डोळ्यांनी पाहण्याकडे येऊ.

क्लाउड चेंबर शाळेत करायचा तो सतत चालणारा, ड्राय आइसवरचा. वरून अल्कोहोलची वाफ खाली येते, तळाच्या उणे तापमानाच्या पत्र्याजवळ ती अतिसंपृक्त होते, आणि कण गेल्यावर मागे राहिलेल्या आयनांवर थेंब जमतात. कामाचा थर पत्र्याच्या वर फक्त एक सेंटीमीटरचा असतो. बाकी सगळी खटपट तो थर स्थिर ठेवण्यासाठी.

लागणारे सामान: माशांची छोटी काचेची टाकी, साधारण २० × ३० सेंटीमीटर तोंडाची. अॅक्रिलिकची पेटी सुंदर दिसते, पण अल्कोहोलने तिला बारीक तडे जातात. टाकीच्या तोंडाहून थोडा मोठा, २ ते ३ मिलिमीटर जाड अॅल्युमिनियमचा पत्रा, एका बाजूला फळ्याचा काळा रंग देऊन दोन दिवस पूर्ण वाळवलेला. जाड फेल्टची पट्टी, जी टाकीच्या तळाशी, म्हणजे टाकी उलटी केल्यावर वर येणाऱ्या बाजूला, चुंबकांच्या जोड्यांनी धरायची. डिंक आणि फेव्हिकॉल अल्कोहोलमध्ये सुटतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल ९९ टक्के, जे मोबाइल-दुरुस्तीवाले बोर्ड धुवायला वापरतात. थर्माकोलचा उथळ खोका. दोन ते तीन किलो ड्राय आइस. एक अरुंद झोताची एलईडी विजेरी.

थर्माकोलमध्ये ड्राय आइसचा सपाट थर करा, खडे असतील तर कापडात गुंडाळून हातोडीने बारीक करा, म्हणजे पत्रा सगळीकडे टेकेल. पत्रा काळी बाजू वर करून ठेवा आणि तो समतल आहे ना पाहा. फेल्टवर १५ ते २० मिलिलिटर अल्कोहोल ओता, थेंब गळता कामा नये. टाकी पालथी घाला आणि कडेने मुलांची चिकणमाती दाबून फट बंद करा. पहिली दहा मिनिटे नुसता पाऊस पडताना दिसतो. थांबा. मग पत्र्याच्या अगदी लगत, आडवा प्रकाश टाकून वरून तिरके पाहा.

काहीच दिसत नसेल तर मी या क्रमाने तपासतो. अल्कोहोल सॅनिटायझरचे, ७० टक्क्यांचे तर नाही ना? त्याने चेंबर चालत नाही. विजेरी वरून तर धरलेली नाही? पत्रा ड्राय आइसला सगळीकडे टेकला आहे का, की मध्ये पोकळी आहे? कडेला फट राहिली आहे का? फट असेल तिथून धुक्याचा लोट आत वाहताना दिसतो. पंख्याचा वारा टाकीवर येतो का? हे सगळे ठीक असूनही माग फिकट आणि विस्कटलेले असतील तर आत जुने आयन साठले आहेत. लोकरीवर घासलेला पीव्हीसीचा पाइप वरच्या काचेजवळ धरा. काही क्षणांत चेंबर साफ होतो आणि नवे माग ठळक उमटतात. ओल्या हवेत हेही नीट जमत नाही.

मुलांना काय दिसते ते नेमके सांगा. जाड, आखूड, दोन-चार सेंटीमीटरचे माग अल्फा कणांचे, बहुधा आतल्या हवेतल्या रेडॉनचे. बारीक, वेडेवाकडे माग कमी ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांचे. लांब, सरळ, बारीक माग म्युऑनचे (विश्वकिरणांमुळे वातावरणात तयार होणाऱ्या, इलेक्ट्रॉनासारख्या पण त्याहून जड कणांचे) असू शकतात. ‘असू शकतात’ म्हणायचे, कारण वेगवान इलेक्ट्रॉनही सरळ जातो. समुद्रसपाटीला आडव्या पृष्ठभागाच्या दर चौरस सेंटीमीटरमधून मिनिटाला साधारण एक म्युऑन जातो, म्हणजे तुमच्या पत्र्यातून मिनिटाला ६०० च्या आसपास. मग इतके कमी का दिसतात? कारण बहुतेक वरून खाली येतात आणि एक सेंटीमीटरच्या थरात त्यांचा माग सेंटीमीटरभरच उमटतो. लांब माग आडव्या येणाऱ्या थोड्यांचेच. लोहचुंबक ठेवून माग वळवण्याचा मोह टाळा. साध्या चुंबकाने म्युऑन दिसण्याइतका वळत नाही, आणि इलेक्ट्रॉनांचा वाकडेपणा अणूंवर आदळण्याचा असतो, चुंबकाचा नव्हे. पॉझिट्रॉन (धन भाराचा इलेक्ट्रॉन) १९३२ मध्ये आणि म्युऑन १९३६ मध्ये क्लाउड चेंबरच्या छायाचित्रांत सापडले, पण तिथे मोठी विद्युतचुंबके होती.

रेडॉनच्या फुग्याचा तुकडा चेंबरमध्ये ठेवला तर त्यातून अल्फा माग सुटताना दिसतात. गायगर नळीला न दिसणारे कण इथे दिसतात, म्हणून दोन्ही प्रयोग एकाच दिवशी ठेवण्यात अर्थ आहे.

ड्राय आइस मिळत नसेल तर बर्फ-मीठ चालणार नाही. त्याचे तापमान उणे २१ अंशांपर्यंतच जाते आणि पत्रा तेवढाही थंड होत नाही. पेल्टियरच्या, म्हणजे वीज दिली की एक बाजू थंड आणि दुसरी गरम होणाऱ्या, दोन चकत्यांचे चेंबर करता येते: टीईसी१-१२७०६ च्या दोन चकत्या एकावर एक, खालची १२ व्होल्टवर, वरची ५ व्होल्टवर, जुन्या संगणकाचा पॉवर सप्लाय, आणि खालची गरम बाजू बर्फाच्या पाण्याने थंड केलेली. दोन्हींना सारखा व्होल्टेज दिला तर वरच्या चकतीची उष्णता खालचीला उपसता येत नाही आणि काहीच थंड होत नाही. यात दिसणारी जागा चार सेंटीमीटर चौकोनाची. एका वेळी दोन मुले पाहू शकतात.

या प्रयोगात धोका किरणोत्सर्गाचा नाही, थंडीचा, वायूचा आणि आगीचा आहे. ड्राय आइस उणे ७८ अंशांवर असतो. जाड कापडी किंवा चामडी हातमोजे घाला आणि मुलांना तो हाताळू देऊ नका. घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा बाटलीत कधीच भरू नका, स्फोट होतो. एका किलोपासून पाचशे लिटरहून जास्त कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि तो जमिनीलगत साठतो. अंधार हवा म्हणून खिडक्या बंद करू नका, काळे पडदे लावा. मुलांना जमिनीवर बसवू नका. गाडीतून आणताना काचा उघड्या ठेवा. आयसोप्रोपिल अल्कोहोलची वाफ १२ अंशांच्या वर पेटू शकते, म्हणजे आपल्याकडे बाराही महिने. बर्नर, उदबत्ती, जुना बल्ब काही नको.

पुढच्या वर्षी पैसे मिळाले तर दुसरे गायगर किट घ्या. दोन नळ्या एकमेकींच्या वर दोन-तीन सेंटीमीटर अंतराने समांतर ठेवा, एक आर्डुइनोच्या पिन २ ला आणि दुसरी पिन ३ ला जोडा, आणि दोन्हींचे स्पंद १०० मायक्रोसेकंदांच्या आत आले तरच मोजा. पोटॅशियमचे बरेच बीटा कण नळ्यांच्या भिंतींतच अडतात, म्युऑन मात्र दोन्ही नळ्यांतून सहज आरपार जातो. मिनिटाला २० वाजणाऱ्या दोन नळ्या योगायोगाने एकाच वेळी वाजण्याची शक्यता तासाला ०.१ पेक्षाही कमी आहे, मुलांना हे गणित करायला लावा. मग दोन्ही नळ्या शेजारी-शेजारी, एकाच पातळीवर ठेवा. मोजणी बरीच घटते. कण वरून येतात, हे मुलांनी स्वतः काढलेले अनुमान. आधी एक खात्री मात्र करा: नळ्या एकमेकींपासून मीटरभर दूर ठेवल्यावर जोडमोजणी जवळपास शून्य व्हायला हवी. होत नसेल तर एका बोर्डाचा स्पंद दुसऱ्यात विजेच्या मार्गाने शिरतो आहे. दोघांना वेगळा ५ व्होल्ट पुरवठा द्या आणि उच्च दाबाच्या तारा लांब ठेवा.

हे जोडउपकरण सहलीला न्या. महाडला दोन तास आणि वर महाबळेश्वरला, सुमारे १,३५० मीटरवर, दोन तास मोजा. उंचीवर मोजणी वाढते. एकट्या नळीने हे करू नका, कारण जमिनीतल्या दगडानुसार तिची पार्श्वभूमी बदलते. व्हिक्टर हेस यांनी १९१२ मध्ये बलूनमधून पाच किलोमीटरवर जाऊन हीच वाढ मोजली होती. उलट दिशेने, कोलारच्या सोन्याच्या खाणीत दोन किलोमीटरहून खोलवर म्युऑन इतके कमी होतात की १९६५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि तिच्या जपानी व ब्रिटिश सहकाऱ्यांना वातावरणातल्या न्यूट्रिनोंच्या (पदार्थातून जवळजवळ न अडता जाणाऱ्या कणांच्या) खुणा तिथे टिपता आल्या. आज उटीच्या ग्रेप्स-३ या विश्वकिरणांच्या प्रयोगात सुमारे ४०० शोधक आणि ५६० चौरस मीटरचा म्युऑन शोधक आहे; दोन नळ्यांचे तत्त्वच तिथे मोठ्या प्रमाणावर वापरले आहे. दहावीच्या मुलाला हे उपकरण हाताळल्यावर त्या प्रयोगाची बातमी वाचता येते.

पालकांसाठी एक पान लिहून ठेवा. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे १४० ग्रॅम पोटॅशियम असते, सेकंदाला चार हजारांहून जास्त विघटने. साठ मुलांच्या वर्गात मिळून किलोभर पोटॅशपेक्षा कितीतरी पट जास्त पोटॅशियम-४० आधीच बसलेले असते. खत खाऊ नये आणि हात धुवावेत, एवढीच सूचना त्यात पुरे.

काही गोष्टी मात्र वर्गात आणू नका. पेट्रोमॅक्सची जुनी जाळी: तिच्यात थोरियम असू शकते आणि तिची राख श्वासातून आत जाणे वाईट. वेल्डिंगचे लाल टोकाचे टंगस्टन रॉडही नकोत. नुसते ठेवल्याने फारसे बिघडत नाही, पण कोणीतरी घासून पाहणार. धूर ओळखणारे जुने यंत्र उघडू नका. भंगारातून ‘स्रोत’ शोधणे तर अजिबात नको. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात कोबाल्ट-६० पोहोचले आणि त्यात माणूस दगावला. शाळेच्या रसायनांच्या कपाटात युरेनिल किंवा थोरियम नायट्रेटची जुनी बाटली सापडली तर उघडू नका, ओतू नका; कपाटाला कुलूप लावून मुख्याध्यापकांमार्फत अणुऊर्जा नियामक परिषदेला लेखी कळवा.

वेळापत्रक साधारण असे बसते. जून-जुलैत पार्श्वभूमीचा तास. ऑगस्ट-सप्टेंबरात, खते गावात सगळीकडे असतात तेव्हा, पिशव्यांची मोजणी. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की फुगा आणि चेंबर. ड्राय आइस प्रयोगाच्या दिवशी सकाळीच आणा, आदल्या रात्री आणलेल्यातला बराच उडून जातो. २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनासाठी चेंबर ठेवणार असाल तर आधी एकदा पूर्ण रंगीत तालीम करा, आणि त्या दिवशी पाहुणे येण्याच्या किमान अर्धा तास आधी टाकी पालथी घातलेली असू द्या.